श्रद्धाळूलाच हवं धर्मनिरपेक्ष राज्य

श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी खान्देशातल्या घराघरांत कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवीचं रूप देतात. घरातल्या पुरुषांच्या संख्येवर गहू मोजून घेतात, त्याचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात. रात्रभर अहिराणी गाणी आणि फुगड्या चालतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन होतं. सुरतेला, नाशिकला, पुण्याला कामाला गेलेली मुलं या दिवसासाठी गावी येतात. या सगळ्याला पोथीचा आधार कुणी शोधत नाही. एका घराचा रिवाज शेजारच्या घराशी जुळत नाही आणि तो जुळायला हवा असं आजवर कुणाला वाटलं नाही.

धर्म म्हणून आपल्याकडे जे जगलं जातं, ते बहुतांशी असंच आहे. चैत्रात उन्हातान्हात वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणारे लोक, आषाढीसाठी मुक्ताईनगरहून पंढरपूरची लांबची वाट धरणारी मुक्ताईची पालखी, सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार आणि तिथे मुलुखभरातून येणारे सगळ्या जातिधर्मांचे व्यापारी, सातपुड्यात काठी या गावच्या होळीला मोरपिसांचे टोप घालून रात्रभर नाचणारे भिल्ल-पावरा, गावोगावच्या दर्ग्यांवर नवस फेडायला येणाऱ्या हिंदू बायका. यातलं बरंचसं कोणत्याही धर्मग्रंथाच्या चौकटीत नीट बसत नाही. म्हणूनच मूलतत्त्ववाद जेव्हा गावात येतो तेव्हा पहिला घाव यावर पडतो. दुसऱ्या धर्माचा माणूस त्याच्या नजरेत नंतर येतो. त्याआधी तो आपल्याच धर्माच्या माणसाला सांगतो की तू करतोस ते चूक आहे, खरा धर्म मी सांगतो तो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की धर्मनिरपेक्ष राज्याची सर्वांत जास्त गरज नास्तिकाला नाही, श्रद्धाळू माणसाला आहे. ही गोष्ट श्रद्धाळू माणसापर्यंत पोहोचली नाही, आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत.

मूलतत्त्ववादाला आपण जुन्या काळाचा अवशेष समजतो. शिक्षण वाढलं, रस्ते झाले, मोबाइल आले की तो आपोआप विरेल अशी एक समजूत होती. झालं उलट. वणीला पायी जाणारी आजी मूलतत्त्ववादी नसते. तिला तिची देवी पुरेशी असते. दुसऱ्याचा देव खोटा ठरल्याशिवाय तिची श्रद्धा उभी राहत नाही असं नाही. मूलतत्त्ववाद ही आधुनिक काळाचीच निपज आहे. अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट गटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्क्रांतिवादाविरुद्ध आणि बायबलच्या चिकित्सेविरुद्ध जी मोहीम उभारली, ती छापखान्याच्या आणि पुढे रेडिओच्या जोरावर. १९७९ च्या इराणी क्रांतीआधी तिथल्या धर्मगुरूंची भाषणं कॅसेटवरून घरोघर फिरली. आज ते काम मोबाइल करतो. बायबलवाला असो, कुराणवाला असो की गीतेचं नाव घेणारा असो, त्याच्या मागण्या सारख्याच निघतात. धर्माचा एकच अर्थ हवा, तो ठरवणारी माणसं ठरलेली हवीत, आणि त्यांच्या हाती सरकारची काठी हवी. या तिसऱ्या मागणीशी धर्मनिरपेक्षतेचा खरा झगडा आहे. पहिल्या दोन मागण्या कुणी आपल्या घरात, आपल्या मठात, आपल्या जमातीत मांडत राहिला, तर त्याच्याशी वाद घालता येतो. काठी हातात आली की वाद संपतो.

तडवी भिल्लांचं उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत हा समाज आहे. ते इस्लाम मानतात आणि आदिवासीही आहेत. निकाह होतो, हळदही लागते. रानाशी, डोंगराशी, शेताच्या देवाशी असलेलं भिल्लांचं जुनं नातं पिढ्यान्‌पिढ्या नमाजासोबत नांदत आलं. आता त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी माणसं येतात. एक बाजू म्हणते, तुमचा इस्लाम अर्धाकच्चा आहे, हे जुने रिवाज सोडा. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही मुसलमान झालात तर आदिवासी कसले, तुमचं नाव यादीतून काढलं पाहिजे. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या सवलतींतून वगळा, या ‘डीलिस्टिंग’च्या मागणीसाठी मोर्चे निघाले आहेत. वरवर पाहता ही दोन माणसं एकमेकांची कट्टर वैरी. पण तडव्याच्या ओट्यावर बसून दोघंही एकच गोष्ट मागतात. तू दोनपैकी एकच काहीतरी हो. दोन्ही असण्याचा त्याचा हक्क दोघांनाही मान्य नाही.

या तडव्याचं रक्षण आज कोण करतं? त्याच्या समाजाची एकी काही प्रमाणात करते. पण खरा आधार आहे तो अनुसूचित जमातींबाबतच्या १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. तिथे शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. म्हणजे तडवी कुणाची प्रार्थना करतो याच्याशी त्याच्या जमातीच्या दाखल्याचा संबंध नाही. नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती गावित-मावची आदिवासींनाही हेच लागू आहे. धर्मनिरपेक्षता ही दिल्लीतल्या चर्चासत्रांची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रांत कार्यालयाबाहेर जातीच्या दाखल्यासाठी फाइल घेऊन उभ्या असलेल्या तडव्याच्या मुलाकडे पाहावं. त्याची फी, त्याचं वसतिगृह, त्याची मेडिकलची जागा त्या एका तटस्थ ओळीवर उभी आहे.

आता कुणी म्हणेल, हे सगळं संविधानाच्या आधीही होतं की. खान्देशात हिंदू-मुसलमान पूर्वीपासून एकत्र राहत आले. खरं आहे. या मुलखावर १३८२ ते १६०१ असं दोनशेहून जास्त वर्षं फारुकी सुलतानांचं राज्य होतं. बुऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी. सोळाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी बांधलेल्या तिथल्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. आजही तो पाहता येतो आणि तो पाहून ऊर भरून येतो. पण एवढ्यावर विसंबून चालणार नाही. संस्कृत शिलालेख कोरू देणारा सुलतान उदार होता म्हणून तो कोरला गेला. नंतरचा उदार नसता तर प्रजेकडे दाद मागायला जागा नव्हती. राजाच्या चांगुलपणावर मिळालेली मोकळीक आणि नागरिकाचा हक्क यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हेच शेजारधर्माबद्दलही म्हणता येईल. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ यांची देवाणघेवाण ही फार मोलाची गोष्ट आहे, ती टिकायलाच हवी. पण ती दंगल थांबवू शकत नाही. हे आम्ही धुळ्यात पाहिलं.

६ जानेवारी २०१३. धुळ्यातल्या एका खाणावळीत बिलाच्या पैशांवरून बाचाबाची झाली. रक्कम इतकी किरकोळ, की एरवी चार शिव्यांत विषय संपला असता. पण २००८ च्या दंगलीचा निखारा दोन्हीकडे धुमसत होता. बाचाबाचीची दगडफेक झाली, दगडफेकीची जाळपोळ, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. सहाही मुसलमान. नंतर काही पोलिसांनाच दंगलीतल्या तोडफोडीच्या आणि लुटीच्या चित्रफितींवरून अटक करावी लागली. ज्या वस्त्यांमध्ये हे घडलं तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होते. पॉवरलूमवर काम करणारे, हातगाडी लावणारे, एकमेकांकडून उधार घेणारे. शेजार होताच. नव्हती ती गणवेशातल्या माणसाबद्दलची खात्री. आपण तक्रार द्यायला गेलो तर आपलं नाव ऐकून त्याचा चेहरा बदलणार नाही, ही खात्री.

मूलतत्त्ववाद नेमका या जागेत शिरतो. पोलीस आपला नाही असं ज्याला वाटतं, तो संरक्षणासाठी आपल्या धर्माच्या दांडग्या माणसाकडे जातो. बँक कर्ज देत नाही, तो जमातीच्या फंडाकडे जातो. सरकारी शाळेत शिक्षक नाही, तो मुलाला धर्माच्या शाळेत घालतो. कुणीतरी प्रवचन ऐकलं आणि कट्टर झाला, असं फार क्वचित घडतं. आधी सरकार त्याच्या आयुष्यातून निघून जातं, मग ती रिकामी जागा धर्माच्या नावाने चालणारी संघटना भरते, आणि मग प्रवचन पटू लागतं. बहुसंख्याकांच्या बाबतीतही हेच घडतं. कापसाला भाव नाही, एमआयडीसीत काम नाही, लग्न जमत नाही अशा पंचविशीतल्या पोराला कुणीतरी येऊन सांगतं की तुझ्या दुःखाचं कारण पलीकडच्या मोहल्ल्यात राहतं. त्याला काम द्यायला कुणी येत नाही, कारण सांगायला मात्र रोज कुणीतरी येतं.

सण जवळ आले की प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. ती मी अनेकदा जवळून पाहिली आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, पुढे साहेबांचं टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला गणेश मंडळांचे आणि मंदिरांचे पदाधिकारी, दुसऱ्या बाजूला मशिदीचे ट्रस्टी आणि मौलाना. आपल्या गावाची परंपरा सलोख्याची आहे असं प्रत्येक जण सांगतो. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, अजानच्या वेळेला वाद्य बंद ठेवण्याची सूचना, चहा, गुलाबाचं फूल, फोटो. या बैठका निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. कित्येक रात्री त्यांच्यामुळे शांत गेल्या आहेत. पण तिथे कोण बसलेलं नसतं ते पाहा. बायका नसतात, असल्या तर एक-दोन. मजूर नसतात. ज्यांच्या हातात खरोखर मोबाइल आणि दगड असतात ती वीस वर्षांची पोरं नसतात. आणि ज्याला यातल्या कोणत्याच बाजूला बसायचं नाही, असा माणूस तर नसतोच. प्रशासन गावाकडे पाहताना त्याचे दोन ढीग करतं आणि प्रत्येक ढिगाच्या टोकावर बसलेल्या माणसाला त्या ढिगाचा मालक मानतं. मग त्या माणसाची ताकद वाढते. उद्या त्याच्याच समाजातल्या एखाद्या बाईने तलाकविरुद्ध किंवा जातपंचायतीविरुद्ध तक्रार दिली, तर तोच साहेब या माणसाला फोन करून विचारतो की काय करायचं.

संविधानाने हक्क असा वाटलेला नाही. कलम २५ हे सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ देतं. समाजाच्या अध्यक्षाला नाही, व्यक्तीला. तेही मोकाट नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. आणि त्याच कलमात, हिंदू मंदिरं सर्व वर्गांना खुली करण्याचा आणि सामाजिक सुधारणेचा कायदा करायला राज्य मोकळं आहे, असं स्वच्छ लिहिलं आहे. कलम २७ म्हणतं, कोणत्याही धर्माच्या प्रसारासाठी कुणाकडून कर घेता येणार नाही. कलम २८ म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येणार नाही. या कलमांनी श्रद्धाळू माणसाचं काय हिरावून घेतलं, हे मला कुणीतरी दाखवावं. त्याच्या देवाला हात लावलेला नाही. त्याच्या देवाच्या नावावर दुसऱ्याने सत्ता गाजवू नये, एवढी तजवीज केली आहे.

हे सगळं विलायतेतून उसनं आणलं, हा आरोप खान्देशात तरी कुणी करू नये. याच जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. केळीच्या मुलखातला शेतकरी बैलगाड्या जोडून तिथे गेला होता. राज्याने सर्व धर्मांबाबत तटस्थ राहावं हा ठराव त्याआधी पाच वर्षं, १९३१ मध्ये, कराचीच्या अधिवेशनात झालेला होता. तेव्हा फाळणी झालेली नव्हती, संविधान सभा नव्हती, मतपेढी हा शब्द नव्हता. सोमनाथाच्या मंदिराच्या उभारणीला सरकारी तिजोरीतून पैसा जाऊ नये, लोकांनी वर्गणी काढावी, असं स्वातंत्र्यानंतर लगेच सांगणारे गांधी दिवसातून दोनदा प्रार्थना करणारे होते. धर्माबद्दलची अनास्था त्यांच्या ठिकाणी शोधूनही सापडणार नाही.

आणि साने गुरुजी तर आपलेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी १९२४ ते १९३० शिकवलं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण केलं, दहा दिवस. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता आणि हा माणूस एका देवळाच्या दारासाठी प्राण पणाला लावून बसला होता. त्यांना विरोध कुणी केला? मुसलमानांनी नाही, इंग्रजांनी नाही, नास्तिकांनी तर नाहीच. विठ्ठलाला भक्तापासून अडवणारे विठ्ठलाचेच रखवालदार म्हणवणारे लोक होते. गुरुजींच्या उपोषणाने मनं हलली, दार उघडलं. पण ते उघडं राहील याची हमी कायद्याने दिली. पुढे १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेतले, ते खटले चाळीस वर्षं चालले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. मुक्ताईनगरहून चालत जाणारा आपला वारकरी आज जिथे कुणाच्या दटावणीशिवाय माथा टेकतो, तिथे त्याच्यासाठी धर्मनिरपेक्ष न्यायालय उभं राहिलं आहे. वारकऱ्यांच्या दिंड्यांत ही गोष्ट कीर्तनकारांनी सांगायला हवी. काही सांगतातही, पण फार थोडे.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसांचा पूर लोटतो. धर्म बदलण्याची घोषणा त्यांनी त्याआधी दोन वर्षं येवल्यात केली होती आणि ती १९५६ मध्ये नागपुरात पुरी केली. लळिंगला येणाऱ्या माणसाला धर्मनिरपेक्षता समजावून सांगावी लागत नाही. जन्माने मिळालेला धर्म सोडून दुसरा घेता येतो आणि तरीही नागरिक म्हणून एक केसही वाकडा होऊ नये, हा त्याच्या घरातला अनुभव आहे.

इथे एका आक्षेपाला सरळ उत्तर दिलं पाहिजे. ‘धर्मनिरपेक्षतेचा उपदेश फक्त हिंदूंनाच का?’ हा प्रश्न चौकात, लग्नात, एसटीच्या प्रवासात ऐकू येतो आणि तो विचारणारे सगळेच द्वेष्टे नसतात. या प्रश्नात तथ्य आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा, एवढीच मागणी. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्या मागे किती धर्मनिरपेक्ष पक्ष, किती पुढारी उभे राहिले? १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याने तलाक दिलेल्या शाहबानोला पोटगी दिली आणि १९८६ मध्ये केंद्र सरकारने मौलवींच्या दबावाखाली कायदा करून तो निकाल बोथट केला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येत बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं. एका बाजूच्या कट्टरांना एक दिलं, मग तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूच्या कट्टरांना दुसरं दिलं. त्यात शाहबानोला काय मिळालं? अयोध्येतल्या साध्या रामभक्ताला काय मिळालं? त्या दोन निर्णयांनी पुढच्या कित्येक वर्षांचं भांडण देशाच्या माथी मारलं. त्याला धर्मनिरपेक्षता म्हणणं हा धर्मनिरपेक्षतेवरच अन्याय आहे. दोन मूलतत्त्ववादांना सारखं खायला घालणं म्हणजे तटस्थता नव्हे. ज्या मुसलमान बाईला न्याय हवा होता, तिच्या बाजूने उभं राहणं ही तटस्थता होती.

आणि म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर ‘मग आता आमची पाळी’ असं देता येत नाही. मौलवींपुढे वाकलेलं सरकार चुकलं असेल, तर महंतांपुढे वाकणारं सरकार बरोबर कसं? कार्यालयात सत्यनारायण घालणारा अधिकारी, मिरवणुकीत घोषणा देणारा मंत्री, मुसलमान फेरीवाल्याकडून माल घेऊ नका असा मेसेज पुढे पाठवणारा शिक्षक, हे सगळे ज्या गोष्टीबद्दल तक्रार करतात तीच गोष्ट दामदुपटीने करतात. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला पोहोचेपर्यंत किती धर्मांच्या हातांतून जाते याचा हिशेब बहिष्कारवाल्याने एकदा मांडावा. घड कापणारा, डोक्यावर वाहणारा, ट्रक भरणारा, चालवणारा, आडत्या. यातला एक दुवा काढला तर नुकसान शेतकऱ्याचंच आहे, आणि शेतकरी बहुतेक हिंदू आहे.

मूलतत्त्ववादाचं हत्यार नेहमी धर्मच असतं असंही नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. नाथांचं नाव घेऊन भिक्षा मागत फिरणं हा त्यांचा पिढीजात धर्म आणि धंदा. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या एका अफवेने त्यांचा जीव घेतला. मारणारे कट्टर धार्मिक नव्हते. पण ज्या गावाला अनोळखी चेहऱ्याची भीती घालून ठेवली आहे, जिथे मोबाइलवरचा मजकूर पोलिसापेक्षा खरा वाटतो, तिथे धर्माची अफवा असो की मुलांची, हात तेच उठतात. पाच माणसं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारली गेली. सरकारच्याच इमारतीत.

धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या मंडळींकडे माझी एक तक्रार आहे. त्यांनी धर्माची भाषा सोडून दिली. कानबाई, वणी, मुक्ताई, उरूस, हे सारं अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून ते मोकळे झाले, आणि ज्यांनी ती भाषा उचलली त्यांनी तिचा वापर दुसऱ्याला हिणवण्यासाठी केला. नरेंद्र दाभोलकरांनी ही चूक केली नव्हती. देवधर्माला विरोध नाही, शोषणाला विरोध आहे, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. ज्या कायद्याला ‘धर्मविरोधी’ म्हणून वर्षानुवर्षं अडवलं, त्याचा फायदा सर्वांत जास्त कुणाला झाला? गावातल्या गरीब, श्रद्धाळू बाईला.

नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, बाईला डाकीण ठरवण्याची प्रथा अजून मेलेली नाही. पाड्यावर एखादं मूल तापाने दगावतं, बैल मरतो, आणि बोट एका बाईकडे वळतं. ती बहुतेक विधवा असते किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीवही घेतात. याच डोंगरात पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने, ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो मला अत्यंत योग्य वाटतो. काठीची होळी कशी पेटवायची, होळीत सोंग घेऊन नाचणाऱ्या बावा-बुध्यांनी कसं नाचायचं, हे बाहेरून आलेल्या कुणाही साधूने, पाद्रीने, मौलानाने किंवा संघटनेच्या कार्यकर्त्याने ठरवू नये. पण त्याच ग्रामसभेला एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याचा अधिकार नाही.

या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतील तर धर्मनिरपेक्ष राज्याशिवाय दुसरं कोण सांभाळू शकतं, याचं उत्तर मला अजून कुठल्या धर्मपीठाकडून मिळालेलं नाही. ज्याला सगळे आदिवासी हिंदू ठरवायचे आहेत तो होळी बदलेल आणि बाईकडे दुर्लक्ष करेल. ज्याला त्यांचा धर्म बदलायचा आहे तो होळीच बंद करेल. ज्याला परंपरेचं फक्त कौतुक आहे तो होळीचे फोटो काढेल आणि बाईचा विषय गावाचा अंतर्गत मामला म्हणून सोडून देईल.

धडगावच्या पोलीस ठाण्यात पावरी बोली समजणारा एक तरी कर्मचारी दिवसरात्र असावा, डाकीण ठरवलेल्या बाईची तक्रार त्याने तिच्याच बोलीत ऐकून जादूटोणाविरोधी कायद्याखाली लिहून घ्यावी, आणि होळीच्या रात्री त्याच कर्मचाऱ्याने काठीच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभं राहून बाहेरच्या कुणाला तिथे दमदाटी करू देऊ नये. धुळ्यात मुसलमानाची आणि हिंदूची तक्रार एकाच शाईने आणि एकाच वेगाने नोंदली जावी. शांतता समितीत दोन धर्मांच्या पदाधिकाऱ्यांसोबत बचतगटाच्या बाया, हातगाडीवाले, कॉलेजची पोरं आणि तडव्यांचा, डवरी गोसाव्यांचा माणूसही बसावा. या मागण्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात यंदा वारकरी मंडळांनी पुढे असावं, आणि मशिदींच्या ट्रस्टींनी त्यांच्या सोबत असावं.